गोलनारचा दंड

चश्मेसार, इस्फहान
२ मेहर १३६५ (सप्टेंबर १९८६)

डॉक्टर नेमतुल्ला साहेबांस,

तुमचं पत्र आईच्या नावावर आलं. तिला वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे ते मीच वाचणार हेही ठाऊक होतं. मग माझ्या नावावर लिहायला हात मोडत होता का?

दोन वर्षांनी पत्र, आणि त्यात अर्धं पान आईच्या गुडघ्यांबद्दल. मग काय, तर "एशरतला सांग, टोचलेल्या त्रेचाळीस मुलांची वही पाठव आणि गोलनारचा एक फोटो पाठव. हिवाळ्यात तेहरानला बैठक आहे, तिथे लागेल." शेवटी सात प्रश्न. नंबर घालून.

फोटो मिळणार नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला आपलं तोंड आता आरशातसुद्धा बघवत नाही. ते तुमच्या बैठकीतल्या टक्कल पडलेल्या माणसांना भिंतीवर मोठं करून दाखवायचं, आणि चहा पिता पिता त्यांनी मान हलवायची? त्यांच्या घरात मुली असतील ना? त्यांचे दाखवा.

विसरला असाल तर आठवण करून देते. आबान महिना होता, पानगळीचा. तुम्ही बर्फाची पेटी घेऊन जीपमधून उतरलात. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, मी स्वतः दारोदार फिरले. गावची आरोग्यसेविका मी, आणि डॉक्टर माझा सख्खा भाऊ. तरी आरोग्यघराच्या ओट्यावर एक पोर आलं नाही. आली ती एकटी म्हातारी फेज्जे खानम, तीही भांडायला.

"औषध टोचतात हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "हा आमच्या पोरांना जिवंत रोगच टोचायला निघालाय!"

तुम्ही तिला समजावलंत. उन्हाळ्यात बिळातली बारीक माशी चावणार, सालक होणार, म्हणजे महिनोन्महिने न भरणारा फोड आणि मागे खड्डा, त्यातून कुणी सुटत नाही. मग ती नाकावर, गालावर का चावू द्यायची? आपणच दंडावर टोचू. एक फोड येईल, बाहीखाली झाकलेला. सहा महिन्यांत सुकेल. शरीराने त्या जंतूला एकदा ओळखलं की जन्मभर विसरत नाही.

"इतकं चांगलं असेल तर बहिणीच्या पोरीला टोच आधी," फेज्जे खानम म्हणाली. "मग मी माझी नात आणते."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "एशरत, तू पुढे हो. गाव तुझ्यामागे येईल." आणि मग हळूच, "तिचा चेहरा कोरा राहील." 'चेहरा' म्हणताना तुमची नजर माझ्या गालावरच्या दोन खड्ड्यांवर होती. लग्नात सासूने माझी ओढणी उचलून "हे आम्हाला आधी का सांगितलं नाही?" असं चारचौघांत विचारलं होतं, तेव्हा तुम्ही दारातच उभे होता.

मी गोलनारला पुढे केलं. गरगरीत गालांची सहा वर्षांची पोर, तुमच्याकडे बघून हसत होती. तुम्ही टोचलंत. दुसऱ्या दिवशी बेचाळीस पोरं आली.

त्या बेचाळिसांचे फोड सुकले. फेज्जे खानमच्या नातीच्या दंडावर आज तांब्याच्या नाण्याएवढा डाग आहे, चेहरा स्वच्छ. गोलनारचा फोड सुकला नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं. तो बशीएवढा झाला, मग त्याच्याभोवती नवे आले, कोपरापर्यंत, मग मानेवर. या वसंतात नाकाच्या शेंड्यावर आला.

वहीत हे सगळं आहे. पण वही इथेच राहील. हवी असेल तर येऊन वाचा. बस अजून तिथेच थांबते.

एशरत


१९ आबान १३६५ (नोव्हेंबर १९८६)

डॉक्टरसाहेब,

उत्तर आलं, तेही माझ्या नावावर. आभार. "रागावू नकोस, शास्त्राच्या दृष्टीने विचार कर" असं लिहिलं आहे. बरं. करते.

पहिला प्रश्न, फोड किती. सतरा. दुसरा, सर्वांत मोठा केवढा. माझ्या तळहाताएवढा. तिसरा, दुखतात का. दुखत नाहीत, तेच भयंकर आहे. बाकीच्या पोरांचे फोड लाल व्हायचे, ठणकायचे, पोरं रात्रंदिवस रडायची. म्हणजे शरीर आतून झुंजत होतं. गोलनारचे मऊ, ओले, गपगार. जंतूला कुणी अडवतच नाही. पाहुणा आल्यासारखा तो पसरतोय.

चौथा, इंजेक्शनं दिली का. दिली. शहरातल्या त्वचेच्या दवाखान्यात वीस दिवस, मग हिवाळा सोडून पुन्हा वीस दिवस. युद्धाच्या दिवसांत ते औषध मिळवायला मी कुणाकुणाचे पाय धरले ते विचारू नका. सुई बाहेर निघाली की गोलनार अर्धा तास लंगडायची. उपयोग शून्य.

पाचवा, हातावरची चाचणी. तीही त्याच दवाखान्यात केली. मेलेल्या जंतूंचं पाणी टोचलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. ओळख असेल तर गाठ येते. फेज्जे खानमच्या नातीला आठ मिलिमीटर आली होती, तुम्हीच पेनाने कडा आखून पट्टीने मोजली होती. गोलनारच्या हातावर काहीच नाही. तिथल्या डॉक्टरने बोट फिरवलं आणि म्हणाला, "जणू या शरीराला काही झालंच नाही."

सहावा, घरात आणखी कुणाला असं झालं का. नाही. तुमच्या मनगटावरचा एका वर्षात सुकला, माझे दोन्ही सुकले.

सातव्याचं उत्तर मी टोचणीच्या दिवशीच तुमच्या तोंडावर दिलं होतं. तेच तेच पुन्हा विचारू नका.

आता माझा एक प्रश्न. यदुल्ला आघाडीवरून सहा दिवसांच्या रजेवर आला होता. ट्रक चालवतो अजून, देवाच्या कृपेने हातपाय जागेवर आहेत. गोलनारचं तोंड बघून तो बाहेर अंगणात गेला आणि नळाखाली डोकं धरून बसला. मग म्हणाला, "बायको आरोग्यखात्यात, मेहुणा डॉक्टर. आणि माझ्या पोरीचा दंड बघा! त्यापेक्षा अडाणी असतो तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "सगळ्यांचे सुकले. हिचंच नशीब."

"सगळ्यांचे?" तो म्हणाला. "आमच्या छावणीत सगळ्यांना हेच टोचलं होतं. माझा सुकला. दोन पोरांचे तीन वर्षं झाली तरी उघडेच आहेत. एकाला परत पाठवलं. तुझ्या भावाला हे माहीत नव्हतं?"

सांगा. माहीत नव्हतं? छावण्यांत टोचणी गावाच्या आधी झाली होती. तुम्ही फेज्जे खानमला "सहा महिने" म्हणालात तेव्हा तुमच्या खिशात ती दोन पोरं होती की नव्हती?

शाळेत बाईंनी गोलनारला मागच्या बाकावर एकटं बसवलंय. मी जाऊन भांडले. म्हटलं, हा शिवून होत नाही, माशी चावून होतो. बाई म्हणाल्या, "मला पटतं हो, पण आयांना कोण पटवणार?" गोलनार आता ओढणी नाकावर ओढून दातांत धरते. बोलायला लागू नये म्हणून. इतकी बडबडी पोर.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही. गुडघे तसेच आहेत.

एशरत


२७ दे १३६५ (जानेवारी १९८७)

दादा,

काल आई बर्फातून चालत माझ्याकडे आली. तू फोन केला होतास म्हणे पंचायतीत. तुला त्या कामावरून काढलं. बैठकीत कुणीतरी त्वचेच्या दवाखान्यातला गोलनारचा कागद काढला, "ही बघा, जिवंत जंतू टोचल्याचा परिणाम," आणि तुझ्या हातातली टोचणी बंद केली. पलीकडच्या तीन गावांत वसंताआधी टोचायचं होतं, तेही रद्द.

आई कोरसीत, शेगडीवरच्या रजईखाली, पाय घालून बसली आणि रडत म्हणाली, "तुझ्या शिव्याशाप लागले त्याला."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं. आईला चहा दिला, उकडलेले शलगम दिले, आणि मनात म्हटलं, भोग आता. बैठकीत बसायला मिळणार नाही ना, मग बस घरी.

मग आई म्हणाली, "त्या तीन गावांतल्या पोरींचं काय ग? उन्हाळ्यात सगळ्यांची तोंडं जाणार." आणि तिने माझ्या गालाला हात लावला.

आज आरोग्यघर बंद ठेवून हे लिहितेय. तुझा सातवा प्रश्न असा आहे: "मुलीला दुसरा काही आजार किंवा कुठली गोळी चालू होती का?" त्या दिवशी ओट्यावरही तू तेच विचारलं होतंस, सुई हातात धरून. मी "नाही" म्हटलं.

चालू होती, दादा.

त्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांखाली सूज आली होती, मग पाय सुजले, पोट सुजलं. मी तिला गावात कुणाला न सांगता इस्फहानला नेलं. डॉक्टर म्हणाला, मूत्रपिंड प्रथिनं गाळून टाकतंय. त्याने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी दिली. सूज पंधरा दिवसांत उतरली. गोळी कमी केली की परत यायची, म्हणून गोळी चालूच राहिली. रोज सकाळी मी तिची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर उकळते. पांढरी झाली की गोळी वाढवायची, स्वच्छ राहिली की तीच ठेवायची. दोन वर्षं हे चाललंय. कुणाला माहीत नाही. आजार एकट्या यदुल्लाला ठाऊक आहे, त्यालाही मी सांगितलं की गोळ्या कधीच बंद झाल्या. गोलनारला सांगितलं की या ताकदीच्या गोळ्या आहेत आणि कुणाला सांगायच्या नसतात. तिने सांगितलं नाही.

पोरीची जात, मूत्रपिंडाचा आजार, एकदा गावात कळलं की संपलं. आणि ती गोळी शरीराची झुंज दाबून टाकते हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू का? आमच्या शिक्षणात एक ओळ होती. ही गोळी चालू असताना जिवंत लस देऊ नये. मी ती ओळ पाठ म्हटली होती परीक्षेत. त्या दिवशी ओट्यावर मला ती आठवली. पण मी "हो" म्हटलं असतं तर तू गोलनारला टोचलं नसतंस, फेज्जे खानम हात झटकून गेली असती, आणि बेचाळीस पोरं आली नसती. आणि पुढच्या उन्हाळ्यात माशीने माझ्या पोरीच्या तोंडाचं माझ्यासारखं केलं असतं. मला वाटलं, एक फोड जरा जास्त दिवस राहील. दंडावरच तर आहे.

त्वचेच्या दवाखान्यातही सांगितलं नाही. त्यांनी ती चाळीस इंजेक्शनं अंधारात दिली.

हे तू बैठकीत वाचून दाखव. तुझं काम परत मिळेल. त्या तीन गावांचंही होईल. माझी नोकरी जाईल ती जाऊ दे. पण छावणीतल्या दोन पोरांबद्दल तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. ते मी विसरलेले नाही.

एशरत


११ फरवरदीन १३६६ (मार्च १९८७)

नेमत,

नवरोजच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. मग परसात जाऊन अंड्यांची टोपली भिंतीवर आपटली. सणाला रंगवायची अंडी. आईला वाटलं मांजर आलं.

"मला माहीत होतं," असं लिहितोस तू. किती सोपं वाक्य. "तिचे गाल बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. त्या गोळीने अशी गोल झालेली तोंडं मी वॉर्डात शेकड्यांनी बघितली आहेत. मी विचारलं कारण विचारणं माझं काम होतं. तू नाही म्हणालीस, आणि मला ते नाही हवंच होतं. आधीच छावणीतल्या दोन पोरांमुळे वर कुरबूर चालू होती. तुझं गाव हातचं गेलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं."

आणि पुढे लिहितोस की बैठकीत तू गोळीचं नाव काढलं नाहीस ते माझ्यासाठी. बहिणीची अब्रू, बहिणीची नोकरी. माझ्यासाठी नाही हं. माझ्यावर ते ओझं टाकू नकोस. गोळीचं नाव काढलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, डॉक्टर, तुम्हाला मुलीकडे बघून कळलं नाही? म्हणून तू गप्प बसलास. प्रत्येक पत्रात सातवा प्रश्न घालत राहिलास, की मी एकदाचं लिहीन आणि तुला लिहावं लागणार नाही. मी अडाणी आई तरी होते, घाबरलेली होते. तू तर डॉक्टर! तुला दोन ओळी लिहायच्या होत्या: "एशरत, गोळीबद्दल इस्फहानच्या डॉक्टरांना सांग." चाळीस इंजेक्शनं वाचली असती. नाक वाचलं असतं.

मला तुझा जितका राग येतो तितकाच माझा येतो, आणि दोन्ही मिळून मला झोपू देत नाहीत. म्हणून जे केलं ते ऐक.

मागच्या बहमन महिन्यातच मी गोलनारला घेऊन मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हातारे आहेत. एवढे ओरडले की बाहेरची माणसं उठून उभी राहिली. "बाई, एका हाताने तिचं मूत्रपिंड धरलंत आणि दुसऱ्या हाताने जंतूला दार उघडून दिलंत!" मग त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावून दोघांनी मिळून ठरवलं. गोळी हळूहळू उतरवायची, मग एक दिवसाआड अर्धी. सूज वाढली तर परत. ती सांभाळत नवी इंजेक्शनं.

तीन आठवड्यांपूर्वी दंडावरचा मोठा फोड लाल झाला, सुजला, ठणकायला लागला. गोलनार रडत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते. डॉक्टर म्हणाले, "रडू दे. आता कुठे शरीर जागं झालंय." कडेने नवी कातडी येतेय. डोळ्यांखाली थोडी सूज आहे, नळीतलं पाणी कधी धुरकट होतं कधी नाही. दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. नाकाचा शेंडा मात्र गेला तो गेला. तेवढा परत येणार नाही, असं दोघांनीही स्पष्ट सांगितलं.

मग मी आरोग्यघरात बायकांना बोलावलं. पस्तीसएक आल्या. सगळं सांगितलं, गोळी, माझं "नाही", तुझं माहीत असणं. मग फेज्जे खानम उठली. मला वाटलं थुंकणार.

"तुझी पोर आधी टोचलीस म्हणून मी माझी नात आणली," ती म्हणाली. "तू खोटं बोललीस म्हणून माझ्या नातीचं तोंड शाबूत आहे. आता मी तुला शिव्या देऊ की काय करू ते मला सांग." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. इतर कुणी माझ्याकडून चहा घेतला नाही. जिल्ह्याला मी स्वतःच कळवलंय. नोकरी राहील की जाईल ते अजून आलेलं नाही. वहीची नक्कल, गोळीच्या नोंदीसकट, तुझ्या बैठकीच्या अध्यक्षांना रजिस्टर पोस्टाने गेली. तुझं नाव त्यात आहे. माझंही आहे. त्या तीन गावांत टोचायचं की नाही हे त्यांनी खरं वाचून ठरवावं.

यदुल्लाला पत्र लिहिलं. उत्तर नाही. युद्ध आहे, टपाल उशिरा येतं, असं मी स्वतःला सांगते.

सगळ्यात शेवटी गोलनारला सांगितलं. ते आधी करायला हवं होतं, पण मला धीर नव्हता. ती गालिच्याच्या मागासमोर बसून आजीला गाठी मारताना बघत होती. मी सांगत गेले, ती ऐकत राहिली. मग ओढणी दातांतून सोडून म्हणाली, "म्हणजे ती इंजेक्शनं उगाच दिली?"

"हो."

"चाळीस होती. मी मोजली होती."

आई मागाचं काम थांबवून भिंतीकडे बघत होती.

तू लिहिलंस की उन्हाळ्याआधी यायचं म्हणतोस, माफी मागायची म्हणतोस, चालेल का ते कळव. मी म्हणणार होते, नको येऊस. कागदावर तसं लिहिलंही होतं. मग ते फाडलं. हे ठरवणारी मी कोण? मी गोलनारला विचारलं. मामा येऊ का विचारतोय, काय कळवू?

ती दुखऱ्या दंडावर फुंकर घालत होती.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण आल्यावर आधी मी बोलणार. माझं संपेपर्यंत त्याने मधे बोलायचं नाही. तूसुद्धा नाही."

एशरत